दोन राजवर्धन

“एक तर त्याला पोराचं नाव बदलायला सांगा, नाहीतर त्याला ब्रेक द्या,” साहेब म्हणाले.

माझ्या हातात कँटीनची फाइल होती. ती मी टेबलावर ठेवून दिली. हातात राहिली असती तर आपटली गेली असती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अंबरनाथच्या एका केमिकल फॅक्टरीत मी वेल्फेअर ऑफिसर होते. मोठ्या कारखान्याला असा एक माणूस ठेवावाच लागतो, कायदाच आहे. कँटीन, पाळणाघर, कामगारांची गाऱ्हाणी हे सगळं त्याच्या गळ्यात. पगार कंपनीचा आणि बाजू कामगारांची, म्हणजे शिव्या दोन्हीकडून. आणि ‘ब्रेक’ म्हणजे चहाची सुट्टी नव्हे. टेम्पररी कामगार सलग राबत राहिला तर त्याला पर्मनंट करावं लागतं. म्हणून त्याचे दिवस भरत आले की त्याला थोडे दिवस घरी बसवायचं आणि मग नवा माणूस म्हणून परत घ्यायचं. त्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. कितीतरी जण अशी मोजणी करता करता म्हातारे झाले.

ज्याला ब्रेक द्यायचा होता तो चंदर. बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या बाजूला डोंगरात त्याची आदिवासी वाडी. आमच्याकडे पॅकिंगमध्ये रंगाची पावडर ड्रममध्ये भरायचा. हात कोपरापर्यंत पिवळे, कितीही घासले तरी. बऱ्याच ब्रेकनंतर यंदा पहिल्यांदाच तो पर्मनंट व्हायच्या बेतात होता. त्यातच त्याला मुलगा झाला. बारसं झालं आणि नाव ठेवलं राजवर्धन.

आमच्या वर्क्स मॅनेजरसाहेबांच्या दोन वर्षांच्या मुलाचं नावही राजवर्धन होतं. चंदरचा गुन्हा एवढाच.

पॅकिंगच्या पोरांना आयतंच कोलीत मिळालं. चंदर कामावर आला की कुणीतरी ओरडायचं, “उठा रे, राजवर्धनचे पप्पा आले!” मग बाकीचे उभे राहून ड्रम फडक्याने पुसून त्याला बसायला द्यायचे. चंदर बिचारा लाजून हसायचा. हे साहेबांच्या कानावर गेलं.

“ही माझी टिंगल आहे, मॅडम. मुद्दाम केलेली.”

“सर, नावाचं काय पेटंट असतं?”

“विनोद करू नका. सगळ्या राजघराण्यांची नावं चाळून मी ते नाव काढलं होतं. त्यांच्यात असतात ना नावं, बुधा, मंगळ्या. ठेवू द्या की त्यातलं एक.”

हे वाक्य ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बुधा-मंगळ्या ही नावं वाईट नाहीत. पण ती कुणी ठेवायची हेही हेच ठरवणार? पोर जन्मल्या जन्मल्या ह्यांच्या हुद्द्याखाली उभं करायचं?

“ठीक आहे,” मी म्हटलं. “तुम्ही लेखी ऑर्डर द्या. मुलाचं नाव राजवर्धन ठेवलं म्हणून ब्रेक. मी टाइप करून नोटीस बोर्डावर लावते.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “आधी समजावून बघा. महिनाअखेरपर्यंत वेळ आहे.”

म्हणजे मी नाही म्हटलं तर महिनाअखेरीला दुसऱ्या कुणाकडून तरी काम करून घेतलं असतं. एवढं कळण्याइतकी नोकरी माझी झाली होती.

मी तेव्हा उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये राहायचे. आमच्या गल्लीत राजा, नवाब आणि प्रिन्स अशी तीन पोरं एकाच नळावर दात घासायची. तिघांचेही बाप पापडाच्या धंद्यात. कधी एका राजाने दुसऱ्यावर दावा लावलेला ऐकला नाही. शेजारच्या सिंधी काकूंना मी हा किस्सा सांगितला. पापड वाळत घालता घालता त्या थांबल्या. “नाम भी तेरे साहब की फॅक्टरी का माल है क्या?” म्हणाल्या आणि पुढचा पापड असा फटकन टाकला की माझा निम्मा राग त्यांनीच काढला.

दुसऱ्या दिवशी मी चंदरला ऑफिसात बोलावलं. मला वाटलं, चिडेल. तो अजिबात चिडला नाही, त्यामुळे मीच जास्त चिडले.

“बदलू मॅडम,” तो म्हणाला. “पोटापुढं नाव मोठा नाय. पन बायला कोन सांगल?”

“कुठली बाय?”

“माझी मोठी भयीन. भागीबाय. नाव तिनी ठेवलाय.”

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. कुर्रर्र करायचं, नाव सांगायचं आणि मग पाठीत धपाटे खायचे. बापाचंही त्यापुढे काही चालत नाही. हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते पुढचं.

“कुठे असते भागीबाय?”

“साहेबाच्याच बंगल्यावं कामाला हाये, पोर सांभाळते. मागच्या खोलीत ऱ्हाते. मी तिचा भाव, ते साहेबाला ठावं नाय. ती बोलली, सांगू नको. वशिला लावला असा म्हनतील.”

मी खुर्चीत मागे टेकले. बहीण साहेबांचं पोर सांभाळते, भाऊ साहेबांचे ड्रम भरतो, आणि दोघांनी मिळून साहेबांकडे काही मागितलेलं नाही. आणि टिंगल म्हणे ह्यांनी केली.

रविवारी मी बंगल्यावर गेले. मागच्या दाराने, कारण मला भागीबाईशी बोलायचं होतं. ती ओट्यापाशी पोह्यांना कांदा चिरत होती. चाळिशीची, अंगाने काटक. साहेबांच्या पत्नी, बंगल्यावरच्या बाई, चहा गाळत होत्या. त्यांनी मला तिथेच पाटावर बसवलं. मी लपवाछपवी केली नाही. चंदर कोणाचा भाऊ, साहेब काय म्हणाले, महिनाअखेरीला काय होणार, सगळं सांगून टाकलं.

भागीबाईने विळी आडवी केली. बाईंच्या हातातली गाळणी तशीच राहिली.

तेवढ्यात साहेब पेपर घेऊन आत आले. मला बघून कपाळाला आठ्या. “मॅडम, तुम्ही इथे?”

“समजवायला सांगितलं होतंत ना, सर? चंदर ह्यांचा भाऊ, नाव ह्यांनी ठेवलंय. ह्यांना समजावतेय.”

भागीबाई उठली. पदराला हात पुसले. “दादा,” ती म्हणाली. साहेबांना ती दादाच म्हणायची. “मी काय चोरलाय का?”

“चोरलं असं नाही गं. पण तेच नाव कशाला?”

“तुमच्या बाळाच्या कानात कुर्रर्र कोनी केला?”

मी बाईंकडे पाहिलं. मी त्या बारशाला नव्हते, मला फक्त कँटीनमध्ये पेढा मिळाला होता.

बाईंनीच सांगितलं. साहेबांना एकुलती एक बहीण. ती तेव्हा स्वतःच बाळंतीण, नागपूरला. मुहूर्त टळत चालला होता. कॉलनीतल्या बायका तू कर, मी कशी करू, असं करत बसल्या. शेवटी बाईच म्हणाल्या, भागी, तू ह्यांना दादा म्हणतेस ना, मग तूच आत्या, ये पुढे. भागीबाईने पाळण्यात वाकून नाव सांगितलं. साहेबांनी स्वतःच्या हाताने तिला आत्याची मानाची साडी दिली.

“अहो, ती वेळेपुरती सोय होती,” साहेब म्हणाले.

वेळेपुरती सोय! गरज होती तोवर आत्या, पेढे वाटून झाले की मोलकरीण. त्या क्षणी मला नोकरीची फिकीर उरली नव्हती. काहीतरी बोलणारच होते, पण भागीबाई आधी बोलली. तिचा आवाज चढला नाही.

“माझ्या तोंडातून गेलेला पयला नाव ते. चांगला वाटला. भावाला पोर झाला, तेच ठेवला. साडी मी अजून नेसली नाय, पेटीत हाये. उद्या आनून देते. पन दोन पोरांच्या कानात गेलेला नाव कसा काढू, ते तुमी सांगा. तुमी शिकलेले.”

कांद्याचा वास सगळ्या खोलीत भरला होता, आणि बाईंच्या डोळ्यांतलं पाणी कांद्याचं नव्हतं. त्या साहेबांना एवढंच म्हणाल्या, “साडी परत आली तर मी माहेरी जाईन.”

साहेब पेपर घेऊन बाहेर गेले. तो त्यांनी उलटा धरला होता.

चंदरला ब्रेक मिळाला नाही. त्याला पर्मनंट करून साहेबांनी काही उपकार केले नाहीत, ते त्याच्या पिवळ्या हातांचं होतं. माफी कुणी कुणाची मागितली नाही. साडी पेटीतच राहिली. भागीबाई आणखी काही महिने तिथे टिकली आणि मग वाडीवर निघून गेली. जाताना बाई तिला स्टेशनपर्यंत सोडायला गेल्या. साहेब गेले नाहीत.

पर्मनंट झालेल्या कामगाराच्या कुटुंबाला औषधपाण्याचं कार्ड मिळतं. त्यासाठी घरातल्यांची नावं लिहून मॅनेजरची सही घ्यावी लागे. चंदरचा कागद मी मुद्दाम स्वतः घेऊन गेले. मुलाचं नाव जरा ठसठशीतच लिहिलं होतं.

साहेबांनी पेनचं टोपण काढून ते नाव वाचलं. मग म्हणाले, “घरी काय म्हणतात त्याला?”

“राजवर्धन.”

“पूर्ण?”

“पूर्ण. अख्खी वाडी म्हणते. तुमच्याकडे?”

त्यांनी सही केली. पेनला टोपण लावलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “बंटी.”

आता मी रिटायर आहे. नात्यातलं कुणी ना कुणी मुलासाठी एखादं राजघराण्यातलं नाव सुचवा म्हणून येतं. मी खुशाल सुचवते. मोठं नाव ठेवायला ऐपत लागत नाही. ते रोज पूर्ण हाकारायचा कंटाळा नसावा लागतो, एवढंच.