हालचालीचा रकाना

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? बायकोला चक्कर आली ती माझ्यामुळे.

गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी तिला वजन उतरवायला सांगितलं होतं. वय बावन्न, वजन अडुसष्ट किलो. घरात आकडेमोड म्हटली की ती माझ्याकडे. रविवारी पोहे खाऊन झाल्यावर मी मोबाईल घेऊन बीएमआर काढायला बसलो. म्हणजे माणूस नुसता पडून राहिला तरी श्वास, रक्त वगैरे कारखाना चालू ठेवायला शरीर दिवसाला जेवढ्या कॅलरी जाळतं, तो आकडा. आधी माझा काढला. उंची, वजन, वय भरलं की खाली हालचालीचा रकाना येतो. बैठं, थोडीफार, मध्यम, भरपूर. मी स्वतःसाठी 'मध्यम' दाबलं. नोकरी खुर्चीतली असली तरी दर रविवारी तळजाईच्या टेकडीवर चक्कर असते ना माझी. येताना मिसळ असते, ते कुणी विचारलं नव्हतं.

मग तिचा काढला. बाराशे अठ्ठावीस. रकान्यापाशी मी क्षणभरही थांबलो नाही. घरीच तर असते. 'बैठं' दाबलं. हालचालीसकट दिवसाचा खर्च चौदाशे त्र्याहत्तर आला. कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं होतं म्हणून त्यातून पाचशे वजा केले आणि उरलेला नऊशे त्र्याहत्तरचा आकडा कागदावर लिहून फ्रिजला चिकटवला. दिवसाला तीन पोळ्या, भात बंद, चहात साखर नाही.

आठवड्याभराने ती म्हणाली, "अहो, दुपारी हात थरथरतात माझे. भूक फार लागते. माझंच काही चुकतंय का?"

"मनावर ताबा पाहिजे," मी म्हणालो. तेव्हा माझ्या मांडीवर शेवेची वाटी होती. दुसऱ्या सांगे ब्रह्मज्ञान. तिने मान डोलावली आणि त्या दिवसापासून आणखी अर्धी पोळी कमी केली. मला ते फार उशिरा कळलं.

तिसऱ्या आठवड्यात ती मंडईतून भाजी घेऊन आली. बिबवेवाडीतली आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती पायरीवर बसली आणि तशीच भिंतीला कलंडली. तिथल्या वहिनींचा फोन आला तेव्हा मी हडपसरला ऑफिसात होतो. पोचलो तर ती त्यांच्या सोफ्यावर पांढरीफटक पडलेली, आणि पिशवीतली मेथी सुकेल म्हणून काळजी करत होती.

दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "दिवसभर काय करता?"

"काही नाही, घरीच असते."

"उठल्यापासून सांगा बघू."

ती सांगायला लागली. साडेपाचला पाणी येतं, पण वरपर्यंत जोर नसतो, मग खालून बादल्या आणायच्या. डबा. स्वयंपाक. माझी आई दीड वर्षं अंथरुणाला खिळली आहे, तिला उचलून बसवायचं, अंग पुसायचं, चादरी बदलायच्या, दिवसातून चारदा कूस वळवायची. फरशी, धुणं, भाजी. मी शेजारच्या खुर्चीत ऐकत होतो. यातलं काही मला माहीत नव्हतं असं नाही.

डॉक्टरांनी फ्रिजवरचा कागद हातात धरला. तिनेच तो पर्समध्ये घालून आणला होता. "हे तर पडून राहणाऱ्यालाही पुरणार नाही. कुणी काढलं?"

"मोबाईलने," ती म्हणाली.

मी ते तसंच चालू दिलं. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. त्याचीच जास्त लाज वाटते. अंथरुणात पडलेल्या माणसाला उचलणाऱ्या बाईला मी पडून राहण्यापुरतंही खाऊ दिलं नव्हतं.

घरी येऊन तिला सांगितलं, की मोबाईलचा दोष नाही, मी 'बैठं' दाबलं होतं.

"आणि स्वतःसाठी?"

"मध्यम."

"तळजाई ना," ती म्हणाली आणि आईची कूस वळवायला उठली. तेव्हा मीही उठलो.

आता बादल्या मी आणतो. चौथ्याच दिवशी कंबर धरली, ते सोडा. कागद फाडला, भात सुरू झाला, हातही थरथरत नाहीत. पण दुसरी पोळी घेताना ती अजून माझ्याकडे बघते आणि विचारते, "घेऊ ना?"

मी हो म्हणतो. ती विचारायचं सोडत नाही.