परीराजाची खूण

लेकीला घेऊन पुसदहून फुलसावंगीला निघालो होतो. वाटेत चहाला थांबलो, तरी ती मोबाइलवर परीलोकातली प्रेमकथाच वाचत होती. त्यात परीराजा नायिकेच्या मनगटावर जादूची खूण उमटवतो. मग ती कुठंही गेली तरी त्याला कळतं.

"याले आपल्याकडं लागीर म्हणतात, अन् उतारा टाकतात," मी म्हणालो.

"बाबा, तुमाले प्रेमातलं काही समजत नाही," ती हसली.

तेवढ्यात तिच्या होणाऱ्या नवऱ्याचा फोन आला. "दहा मिनिटांपासून एकाच जागी काहून थांबली?" तिची जागा त्याला मोबाइलवर दिसत होती. ती चहा अर्धाच टाकून उठली.

पत्रिका वाटून झाल्या होत्या. तरी मी हात जोडले. "पोरी, अजूनही लग्नाले नाही म्हण. पुढचं मी निस्तरतो."

"हळू बोला, बाबा," ती कुजबुजली. "फोन चालूच आहे."