पाठीवरचं ऊन

बायको गेली त्या थंडीत सकाळी मला घरात थांबवत नसे. मी विज्ञान केंद्राच्या बागेत जाऊन बसायचो. बाकासमोर सिमेंटचा डायमेट्रोडॉन होता, पाठीवर शिडासारखा उंच पडदा असलेला. फलकावर लिहिलं होतं, की हा डायनोसॉर नव्हे, त्यांच्याही कितीतरी आधीचा शिकारी. दिसायला सरड्यासारखा, पण नात्याने आपल्या, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या जवळचा. पाठीवरचं शीड ऊन घेण्यासाठी असावं, असं काहींना वाटतं.

मला त्याची गारठलेली पहाट दिसू लागायची. अंगात ऊब येईपर्यंत हलायचं नाही, नुसती उन्हाची वाट पाहायची. इतक्या दूरच्या नातेवाइकाकडून आपल्याकडे काही आलंच असेल, तर ते हे वाट पाहणं असेल.

एकदा एक अनोळखी बाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसल्या. उन्हाकडे पाठ करून म्हणाल्या, "घरात फार गार वाटतं हो."

"घरी कोण कोण असतं?" मी विचारलं.

"मीच."

"माझंही तसंच आहे," मी म्हणालो.

ऊन झाडाआड गेलं, तरी दोघांपैकी आधी कुणी उठेना.