कासारीणबाईंचं गाणं यादीत का बसलं नाही

"घाई कुणाला हाय?" समोरच्या बाईचा हात आपल्या मांडीवर ओढून घेत मावशी विचारायच्या. हा प्रश्न नसायचा, दम असायचा. बाहेर यात्रेकरूंची गाडी हॉर्न देत उभी असो, बाईचा नवरा पायरीशी घड्याळ बघत असो, मावशी बांगडीला हातच लावायच्या नाहीत. अंगठ्याच्या बुडाशी दाबत, बोटं एकमेकांवर जुळवत त्या आधी हात सैल करत बसायच्या. तेवढा वेळ नाकातल्या नाकात गुणगुण चालायची. तिला शब्द नसायचे. हात सैल झाला की बांगडी सर्रकन मनगटात जायची आणि मग गुणगुणीतून गाणं सुरू व्हायचं.

तुळजापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. मी त्याच गल्लीत राहतो. नोकरीला रोज एसटीनं धाराशिवला जातो, एका पतसंस्थेत हिशेब तपासतो. जाता-येता दुकानावरून जावंच लागायचं आणि मावशींनी टोकल्याशिवाय पुढं जाता यायचं नाही. "काय हिशेबवाले भाऊ, आज कुणाची चूक धरली?" हे ठरलेलं.

गिऱ्हाइकालाही त्या सोडायच्या नाहीत. एखादीचा हात फारच कडक असला की म्हणायच्या, "आगं, हात हाय का खलबत्ता? सासूला भेव घालायला ठेवलास व्हय?" ती हसली की हात ढिला पडायचा. कोपरापर्यंत हिरवा चुडा भरून ती बाई उठायची तेव्हा तिच्या लक्षात यायचं, की दुखलं नाही.

नवरा गेला तेव्हा मावशी चाळिशीच्या आत होत्या. जमलेल्या बायकांनी त्यांच्या हातातल्या बांगड्यांकडे बघितलं. मावशी म्हणाल्या, "म्या दुकान बंद करणार न्हाय. मग हात कशाला बंद करू?" बांगड्या तशाच राहिल्या. काही दिवस कुजबुज झाली. पण लग्नसराई आली आणि कुजबुजणाऱ्याच बायका लेकीबाळींना घेऊन दुकानात आल्या, कारण मावशींसारखा हात आसपास दुसरा नव्हता.

आता गाण्याचं सांगतो. ते मावशींच्या सासूकडून आलेलं होतं, तिला ते कुणाकडून मिळालं ते ठाऊक नाही. त्याचं धृपद असं:

एक बांगडी आईची गं, एक आजीच्या नावाची,
उरलेली ती माझी माझी, न्हाई कुणाच्या बापाची.

देवीच्या दर्शनाला आलेलं पुण्याचं एक जोडपं दुकानात शिरलं. बायकोनं बांगड्या भरून घेतल्या आणि नवऱ्यानं ते गाणं मोबाइलवर टिपून घेतलं. तो एका गाण्यांच्या कंपनीत कामाला होता. महिन्याभरात परत आला, रीतसर करार केला, मावशींना सोलापूरच्या स्टुडिओत नेलं. मागं ढोलकी, गिटार आणि असलं नसलं सगळं घातलं. तयार झालेलं गाणं त्यानं दुकानात बसून ऐकवलं तेव्हा मी तिथं होतो. झकास झालं होतं. सुरुवातीला मात्र मावशींची ती गुणगुण होती, जवळजवळ पाऊण मिनिट. तिच्यामागं फक्त बांगड्यांचा बारीक आवाज.

"मावशी, हे एवढं सुरुवातीचं काढू या," तो म्हणाला. "धृपदच पहिलं घेऊ."

"का वं?"

त्यानं नीट समजावून सांगितलं, आणि तो उद्धट नव्हता हे मी नमूद करतो. गाण्यांच्या ॲपवर लोक गाणं लावतात. निदान तीस सेकंद ऐकलं तरच ते 'ऐकलं' म्हणून मोजलं जातं. त्याआधी माणूस पुढच्या गाण्यावर गेला तर मोजणीत शून्य. आणि या मोजणीवर दर आठवड्याला पहिल्या पन्नास गाण्यांची यादी लागते. यादीत बसलेलं गाणं ॲप आणखी लोकांपुढं ठेवतं. न बसलेलं तळाला जातं. "तुमच्या गुणगुणीत लोक वीस सेकंदाला पळून जातील. म्हणून हल्ली सगळेच धृपद पहिलं घेतात आणि गाणीही छोटी करतात."

मावशींनी ऐकून घेतलं. मग समोरच्या पेटीतून एक काचेची बांगडी काढली आणि त्याचाच हात धरला. पुरुषाचा हात, ताठ. बांगडी बोटांच्या पेरांवर टेकवून म्हणाल्या, "रेटू का?"

"नको नको!"

"का? येळ वाचंल की." त्यांनी हात सोडला. "हात सैल हुयाच्या आधी बांगडी रेटली तर वाढती." आमच्याकडं बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. "आन् हाताला कापतं ते येगळंच. तसंच हाय ह्ये. आधी माणूस सैल झाला पायजे, मग शब्द."

तो हसला, पण हटला नाही. शेवटी असं ठरलं, की गाणं आहे तसं टाकायचं. पहिल्या तीन आठवड्यांत यादीत बसलं तर कुणी त्याला हात लावायचा नाही. नाही बसलं तर सुरुवातीची गुणगुण कापून नवं टाकायचं. यावर मावशी 'हो' म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "न्हाय बसलं तर तवा बोलू."

तो गेल्यावर त्यांनी मला बसवून घेतलं. "भाऊ, ह्यांची मोजणी काय असती ती मला फोडून सांगा."

मी नियम वाचून काढले आणि सांगितले. पैसे भरून ऐकणाऱ्याचं ऐकणं जास्त वजनाचं धरतात, फुकट ऐकणाऱ्याचं कमी.

"पैसे भरणाऱ्याचे कान मोठे असत्यात व्हय?"

लग्नात एका मोबाइलवरून भोंग्यावर गाणं लावलं आणि अख्ख्या मांडवानं ऐकलं, तरी ते एकच.

"आन् बाकीची मांडवात काय भिताडं बसल्याली असत्यात?"

 

गाणं सोमवारी ॲपवर आलं. गल्लीनं कंबर कसली. घराघरात गाणं वाजायला लागलं, प्रसादाच्या दुकानांत, लॉजच्या काउंटरवर, रिक्षांत. माझ्या बायकोनं तर पोळ्या लाटताना तेच, भाजी चिरताना तेच. पूर्ण ऐकायचं, मध्ये सोडायचं नाही, हा नियम मी सगळ्यांना सांगून ठेवला होता आणि बायका तो पोरांकडून काटेकोर पाळवून घेत होत्या. कंपनीच्या माणसाचा फोन आला. म्हणाला, सुरुवात बरी आहे, असंच चाललं तर पन्नासात शिरू शकतं.

आणि बुधवारी दुकानासमोरच्या घरातले म्हातारे गुरुजी गेले.

गल्लीत मयत झाली की तेराव्यापर्यंत कुणाच्या घरातून गाणं ऐकू येत नाही. असा नियम कुणी लिहिलेला नाही, आणि तो मोडलेला मी पाहिलेला नाही. त्या दिवशी दुपारीच सगळे आवाज बंद झाले. पण लोकांना मावशींच्या यादीचीही काळजी होती. मग कुणीतरी तोड काढली आणि ती घरोघर पसरली. गाणं लावायचं, आवाज पूर्ण बंद करायचा आणि मोबाइल देव्हाऱ्याखाली ठेवून द्यायचा. गाणं आपलं मुक्यानं चालू. मयताचा मान राहिला, मावशींचंही काम झालं. अख्खी गल्ली चार-पाच दिवस हे मुकं गाणं वाजवत होती.

कंपनीच्या माणसाचा पुन्हा फोन आला. आवाज बंद ठेवून चालवलेलं गाणं ऐकलेलं धरत नाहीत. "मावशी, थोडा तरी आवाज ठेवायला सांगा. अगदी हळू. हा आठवडा हातचा गेला तर अवघड आहे."

त्या वेळी दुकानात आम्ही पाच-सहाजण होतो. फोन सगळ्यांनी ऐकला. कुणीतरी म्हणालं, हळू आवाजात दार लावून ऐकलं तर कुणाला कळतंय? कुणाच्या तरी तोंडून ते गुरुजींच्या घरीही गेलं. संध्याकाळी गुरुजींची बायको स्वतः उंबऱ्यापर्यंत आली. तिथूनच समोर मावशींना म्हणाली, "वाजवा गं. त्येनला तुमचं गाणं आवडायचं. आमची काय ना न्हाय."

मावशी दुकानातून उतरून तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "काकू, तुमची ना न्हाय, माझी हाय. तुमच्या घरात दिवा तेवतोय आन् म्या पलीकडं माझी बांगडी वाजवू? यादी गेली खड्ड्यात." मग गल्लीकडे वळून मोठ्यानं म्हणाल्या, "मोबाइल उचला समद्यांनी देव्हाऱ्याखालनं! मुकं गाणंबी बंद. तेराव्यानंतर वाजवा, आन् वाजवाल तर मोकळ्या आवाजात वाजवा."

कुणी वाद घातला नाही. घालायची सोय नव्हती.

गोड जेवण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी गल्लीनं भरपाई काढली. सकाळपासून सगळीकडे एकच गाणं. मी कामावर जाताना आणि परत येताना तेच. दोन दिवस असं झालं आणि ॲपवर मावशींच्या गाण्याचा आकडा वाढायच्या ऐवजी खाली आला. कंपनीच्या माणसानं खुलासा केला. एकाच ठिकाणाहून, एकाच वेळी, एवढ्या मोबाइलवर एकच गाणं सारखं वाजलं, की ॲपला ती लबाडी वाटते. संशयित मोजणी काढून टाकतात.

मी प्रामाणिकपणे सांगतो, या नियमालाही कारण आहे. पैसे घेऊन यंत्रांवर गाणी फिरवणारी माणसं असतात, त्यांना असंच पकडावं लागतं. हे मी मावशींना सांगितलंही.

"म्हंजी म्या खोटी, गल्ली खोटी," त्या म्हणाल्या, "आन् ज्येनं ऐकलं न्हाय त्यो मोजणारा खरा."

तीन आठवडे संपले. गाणं यादीत बसलं नाही.

कंपनीचा माणूस आला तो नवं गाणं मोबाइलमध्ये तयार घेऊनच आला होता. दोन मिनिटांचं. सुरुवातीलाच 'एक बांगडी आईची', गुणगुण साफ उडवलेली. त्यानं ते ऐकवलं. खोटं कशाला बोला, कानाला चटपटीत लागत होतं. तो म्हणाला, "मावशी, हे नक्की बसेल. तुम्ही फक्त हो म्हणा आणि एक छोटा व्हिडिओ करू. तुमचं नाव होईल. ही तुमचीच चीज आहे, तुमच्याच फायद्याचं सांगतोय."

मावशींनी एका गिऱ्हाइकाचा हात मांडीवर घेतला होता. तो त्यांनी सोडला नाही. "ह्यात माझी सासू कुठं हाय?"

"म्हणजे?"

"ती गुणगुण तिची. शब्द तर कुणीबी म्हणंल. माझ्या लग्नात माझा हात तिनं सैल केला हुता, तवा ती आशीच गुणगुणत हुती. म्या भ्याले हुते लई. तेवढं तुम्ही कापलं, आन् ऱ्हायलेलं माझं म्हून दावता व्हय?"

"पण लोक थांबत नाहीत हो, मावशी."

"न का थांबनात! ज्येला थांबायचं त्यो थांबंल. ज्येला जायाचं त्येनं जावं, रस्ता मोकळा हाय. म्या काय त्येच्या पायात पडून गाणं ऐकवू?" मग गिऱ्हाइकाकडे वळून, "ढिला सोड गं हात. तुला न्हाय बोलले."

तो निराश होऊन उठला. जाताना मावशींनी त्याच्या बायकोसाठी बांगड्या बांधून दिल्या, त्याही माप न विचारता. त्यांना ते लक्षात होतं.

मावशी होत्या तोवर कंपनीनं ते छोटं गाणं टाकलं नाही. एवढं त्या माणसाचं मी मानतो. दुकानात त्या जुनंच गाणं म्हणत राहिल्या, पहिल्यापासून. त्या ॲपवरचं त्यांचं लांब गाणंही तळाशी कुठंतरी पडून होतं. मी अधूनमधून बघायचो.

गेल्या हिवाळ्यात मावशी गेल्या. दोन-तीन दिवस ताप, मग सोलापूरचा दवाखाना, मग नाहीच. गल्ली तेरा दिवस गप्प होती.

उन्हाळ्यात त्यांचं छोटं गाणं ॲपवर आलं. रेकॉर्डिंगवर हक्क कंपनीचा होता, करारात तसं स्पष्ट होतं, त्यामुळे बेकायदेशीर काही झालं असं मी म्हणणार नाही. ते गाणं यादीत बसलं. पन्नासात आलं, मग वर सरकलं. गंमत अशी, की दोन दोन गाणी नकोत म्हणून लांब गाणं तिथून काढून टाकलं. आज तुम्ही शोधलंत तर मावशींचा आवाज सापडेल, पण गुणगुण सापडणार नाही.

यंदा परंड्याला माझ्या भाचीचं लग्न होतं. आदल्या दिवशी मांडवात बांगड्या भरायला एक तिथलीच कासारीण आली होती. भाची पाटावर बसली. तिचा हात कासारणीनं मांडीवर घेतला, आणि डीजेवाल्यानं मोठ्या उत्साहात ते प्रसिद्ध छोटं गाणं लावलं. "एक बांगडी..." एवढंच वाजलं.

"बंद कर!" माझी बायको ओरडली. तिच्याबरोबर आमच्या गल्लीतल्या तिघी आल्या होत्या, त्याही ओरडल्या.

डीजेवाला गोंधळला. "काकू, टॉपचं गाणं हाय!"

"असू दे टॉपचं. ह्येच्या आधीचं कुठाय?"

"आधीचं म्हंजी? ह्ये एवढंच येतंय."

"मग गप बस जरा. आमी सांगू तवा लाव."

आणि त्या बायकांनी भाचीभोवती बसून गुणगुणायला सुरुवात केली. नाकातल्या नाकात, शब्दांशिवाय. सुरात होत्या असं मी म्हणणार नाही. आधी त्या चौघीच होत्या. मग परंड्याच्या बायका, ज्यांनी मावशींना कधी पाहिलंही नव्हतं, त्यांनी सूर धरला. डीजेवाला बटणावर बोट ठेवून माझ्याकडे बघत होता. मी मान हलवून नाही म्हटलं. भाची सकाळपासून रडवेली होती, तिचे खांदे हळूहळू खाली आले. कासारीण तिचं मनगट दाबत राहिली, बायका गुणगुणत राहिल्या, आणि माझी बायको एक हात डीजेवाल्याकडे उगारून बसली होती. तो हात तिनं बराच वेळ खाली घेतला नाही.