हिरवी वायर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या दोघांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? नक्की माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही — तेवढं एक कारण असेल.

चौसाळ्याला माझं मोटारी भरायचं दुकान आहे. बोअरची, विहिरीची मोटार जळाली की लोक माझ्याकडे आणतात, मी आतली काळी पडलेली तार काढून नवीन तार भरून देतो. लोक मला आप्पा म्हणतात. पोट त्यावर चालतं. पण मन — मन दुसरीकडेच असतं. मला बास गिटार बनवायचा नाद आहे.

बास म्हणजे चार जाड तारांची गिटार. गाणं ऐकताना ती कुणाच्या ध्यानात येत नाही, पण बंद केली की गाण्याखालची जमीन गेल्यासारखं होतं. या नादाला वैजूनं लावलं. वैजू म्हणजे वैजनाथ, माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचं कापडाचं दुकान, पण जीव सगळा ऑर्केस्ट्रात. एकदा त्याची बास बंद पडली. मी उघडून बघितली, तर तारांच्या खाली लोहचुंबकाभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. मी हसलोच. म्हणालो, हे तर मी रोजच करतो की, फक्त इथली तार बारीक आहे.

तिथून सुरुवात झाली. पहिली बास मी आंब्याच्या फळीची केली, ती तारांच्या ओढीनं वाकली. मग शिवणीचं लाकूड आणलं, मानेत लोखंडी सळई घातली, तारेची कॉइल स्वतः भरली. महिनोन्‌महिने घासत बसलो. वैजू यायचा, वाजवून बघायचा, म्हणायचा, अजून इथं हाताला टोचतंय. मी पुन्हा घासायचो. ती बास जमली, तेव्हा आम्ही दोघं दुकानाच्या पायरीवर बसून होतो आणि वैजू तीच एक तार पुन्हा पुन्हा छेडत होता. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता — हेही बायकोला सांगितलेलं नाही, पण ते वेगळं.

बासबरोबर वाजवायला पेटी लागते, ॲम्प्लिफायर. तीही मीच केली. जुना ट्रान्सफॉर्मर होता घरात, तोच बसवला. आणि तिथं घोळ झाला. पेटी चालू केली की घूं असा आवाज यायचा. बारीक, पण सतत. वैजू म्हणाला, "आवाज लई गोड हाय बे, पण ही घुमघुम काय हाय? माशी बसल्यावानी वाटतंय."

त्या आठवड्यात गावची जत्रा होती. जत्रेत ऑर्केस्ट्रा होता, वैजू माझी बास वाजवणार होता आणि निवेदक स्टेजवरून सांगणार होता की ही बास आपल्या चौसाळ्यात बनली आहे. मीच तसं सांगून ठेवलं होतं. अर्ध्या बाजारपेठेला सांगितलं होतं. आणि ही घुमघुम काही जाईना. काय काय केलं! कॉइलला पत्रा गुंडाळला, वायरी बदलल्या, जोड पुन्हा मारले. शेवटी पेटीचा प्लग उघडला आणि अर्थिंगची हिरवी वायर स्क्रूतून सोडवली. बस. आवाज गेला. एकदम शांत.

मला माहीत नव्हतं असं म्हणू? कोण विश्वास ठेवेल? माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला मी बजावतो — दादा, अर्थिंगशिवाय मोटार चालू करू नका, स्टार्टरच्या पेटीत करंट उतरला तर हात लावणारा माणूस जातो. हे वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलंय की माझी बायको माझी नक्कल करते. आणि आणखी एक. वायर काढल्यावर मी बास हातात घेतली, तेव्हा तारांना बोट लावल्यावर मुंग्या आल्या. बारीकशा. मी अनवाणी होतो. मी काय केलं? चप्पल घातली. मुंग्या थांबल्या. मी वैजूला बोलावलं आणि म्हणालो, ये, ऐक.

त्यानं विचारलं, काय केलंस? मी म्हणालो, आतून तांब्याचा पत्रा लावला. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली.

जत्रेचा मंडप, लाईट, माईक सगळं दत्तूभाऊंकडे होतं. गावातलं असं काम त्यांच्याचकडे असायचं. अबोल माणूस. दुपारी चार थेंब पडून गेले होते, तर ते प्रत्येक वायर उचलून पुसून बघत होते. त्यांनी मला विचारलं होतं, आप्पा, तुमची पेटी बराबर हाय ना? मी म्हणालो, माझ्या पेटीची काळजी करू नका. जरा चिडूनच म्हणालो.

दिवेलागणीला कार्यक्रम सुरू झाला. पहिली दोन गाणी — काय सांगू तुम्हाला! माझ्या बासचा आवाज लोकांच्या छातीत वाजत होता. तिसऱ्या गाण्याला वैजू साथीला आवाज द्यायला पुढं झाला. डावा हात तारांवर, ओठ माईकला लागले, आणि तो तिथंच आखडला. तोंडातून कसलासा आवाज आला. लोकांना वाटलं, गातोय. मला वाटलं नाही. मला त्याच क्षणी कळलं, तारांतला करंट त्याच्या अंगातून माईकला चाललाय. पुढच्या क्षणी सगळे दिवे गेले आणि वैजू स्टेजवरून खाली दगडांवर पडला.

आता नीट ऐका. इथवर जे सांगितलं, ते एक वेळ मूर्खपणा म्हणता येईल. पुढचं तसं नाही.

दिवे गेले, कारण दत्तूभाऊंनी मेन स्विच खाली ओढला होता. ते बोर्डाजवळच उभे होते. करंट तिथंच तुटला होता. वैजू वाचला तो त्यांच्यामुळं. आणि मी पळालो — वैजूकडे नाही. माझा मित्र खाली कण्हत पडला होता आणि मी अंधुक उजेडात पेटीकडे पळालो, प्लग उपटला, वायर तोडली आणि प्लग खिशात घातला. मग वैजूकडे गेलो.

लोकांनी काय पाहिलं? आप्पा पळाला, आप्पानं प्लग काढला. दिवे कुणी घालवले, हे कुणी विचारलं नाही. वैजूच्या आईनं दवाखान्यात माझे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. म्हणाली, "तू नसतास तर माझं लेकरू गेलं असतं." खिशातला प्लग माझ्या मांडीला टोचत होता. मी तिला म्हणालो, काकू, देवाची कृपा. दुसऱ्या दिवशी मी पेटीला नवीन प्लग बसवला, हिरवी वायर घट्ट आवळली. जत्रा कमिटीची माणसं पेटी बघायला आली, त्यांना सगळं बरोबर दिसलं.

मग चूक कुणाची? दत्तूभाऊंची. दुसरं कोण होतं? वायरी ओल्या असतील, माईकला करंट उतरला असेल, असं कमिटी म्हणाली. दत्तूभाऊ एकदाच म्हणाले, मी समदं तपासलं होतं. आणि लोकांनी माझ्याकडे बघितलं, कारण गावात विजेतलं कळणारा मीच. मी काही बोललो नाही. खरंच, एक शब्द बोललो नाही. तेवढं पुरलं.

वैजूचं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण डाव्या हाताची दोन बोटं पुन्हा नीट मिटली नाहीत. बास सुटली. त्याच्यासाठी मी नंतर आखूड मानेची, हलक्या तारांची एक बास बनवली. उरलेल्या दोन बोटांनी जेवढं होईल तेवढं तो त्यावर वाजवतो, आणि येईल त्या पाहुण्याला ती दाखवून सांगतो, माझ्या दोस्तानं माझा जीव वाचवला आणि वर ही दिली. मी समोर असलो तरी सांगतो. मी खाली बघतो. लोकांना तो माझा साधेपणा वाटतो.

दत्तूभाऊंना पुढच्या जत्रेचं काम मिळालं नाही. मग लग्नांची मिळेनाशी झाली. मंडपाचं सामान विकून ते गाव सोडून गेले. मी विचारपूस केली नाही. कशाला करीन?

मागच्या हिवाळ्यात शिवणीचं लाकूड बघायला कडा गावाला गेलो होतो. साखर कारखान्याच्या रस्त्यावर चहाला थांबलो, तर टपरीवर दत्तूभाऊ. केस पांढरे झालेले. त्यांनी मला ओळखलं, बाकडं पुसून बसायला दिलं, वैजूची चौकशी केली. वैजूचा हात कसा आहे, हे त्यांनी दोनदा विचारलं. टपरीत एकच बल्ब होता. तोही मी दुसऱ्याकडून बसवून घेतला, ते म्हणाले. विजेला हात लावायची हिंमत होत नाही. दुसऱ्याच्या जिवाशी खेळ नको.

चहा पुढं ठेवून ते माझ्याजवळ बसले. मग म्हणाले, "आप्पा, तुमाला त्यातलं कळतं म्हणून इचारतो. त्या दिवशी माझं कुठं चुकलं? मी लई येळा डोक्यात समदी वायरिंग पुन्हा करतो. मला घावत न्हाई."

टपरीवर आम्ही दोघंच होतो. घाई कशाचीच नव्हती. त्यांना राग नव्हता, संशय नव्हता. त्यांना फक्त जाणून घ्यायचं होतं. मी तोंड उघडलं तेव्हा मला स्वतःला वाटलं, आता सांगतोय मी.

"ओल असेल, भाऊ," मी म्हणालो. "माईकच्या वायरीला कुठंतरी ओल राहिली असेल."

त्यांनी मान हलवली. हळूहळू, एखाद्याला बऱ्याच काळानं उत्तर सापडावं तशी.

"म्हंजी माझंच," ते म्हणाले.

मी म्हणालो, "हो."