रंगाखालचा जोड

नंदनवनजवळ माझा ट्रक सुरू होईना. चावी फिरवली की नुसतं टक वाजायचं. मालकाने गाडी न पाहताच फोनवर निकाल दिला. इंजिन फिरवणारी सेल्फची मोटर मीच जाळली, म्हणून मी आता घरी बसायचं.

जवळचा बॅटरीवाला आला. पन्नाशीचा, गळ्यात मळका दुपट्टा. मला म्हणाला, "मार गा चावी." मी चावी मारत होतो आणि तो डोळे मिटून एकेका केबलवर तळहात ठेवत होता. चेसिसवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, कसलेल्या बॅटरीच्या अर्थिंग केबलच्या टोकाशी त्याचा हात चटका बसून मागे आला. नट सोडला, तर खाली ताजा निळा रंग. दसऱ्याला मालकाने गाडी रंगवून घेतली होती, हे मी त्याला सांगितलं; तेव्हा केबल रंगावरच कसली होती, आणि रंगातून वीज नीट जाईना म्हणून जोड तापत होता. त्याने लोखंड दिसेपर्यंत रंग खरवडला, नट आवळला. गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली.

तेवढ्यात मालकाचा फोन आला. "मी सांगून राहिलो ना, सेल्फ बदल."

बॅटरीवाल्याने फोन माझ्या हातातून घेतला. "चांगल्या सेल्फले मी खराब म्हणत नाही, अन् चांगल्या ड्रायव्हरलेबी नाही. चेसिसले रंग मारायले कोनं सांगतलं होतं, ते आठवा."

आठ वर्षांच्या नोकरीत मालकाने पहिल्यांदाच आपला निकाल फिरवला, "त्याले सांग, गाडी घेऊन निघ."