रांझीची लाइन आणि नवा टीव्ही गेम

रांझीतल्या आमच्या डीलरनं, तिवारीजींनी, गोदामाचं शटर वर केलं. मी पाठवलेले सगळे खोके जसेच्या तसे, पट्टीसुद्धा न काढलेले. दिवाळी आठ दिवसांवर आली होती.

"देखने सब आते हैं, भैया," तिवारीजी म्हणाले. "लेता कोई नहीं."

मी तेव्हा टीव्ही गेम विकणाऱ्या कंपनीचा जबलपूरचा सेल्स ऑफिसर होतो. टीव्ही गेम म्हणजे टीव्हीला जोडायचं छोटं मशीन. त्यात कॅसेट खोचायची की गेम सुरू. आदल्या वर्षी सगळ्यात जास्त मशीनं रांझीत, म्हणजे शहराच्या फॅक्टरी भागात, खपली होती, म्हणून नव्या मॉडेलचा सगळ्यात मोठा माल मी रांझीलाच पाठवला. चित्र जास्त छान, भाव कमी, तिथल्या फॅक्टरीचा बोनस नुकताच झालेला. आणखी काय हवं?

मुंबईहून साहेबांचा फोन आला.

"रांझीचा माल हलला का?"

"नाही, सर."

"दिवाळीपर्यंत हलला नाही तर जबलपूर ऑफिस बंद. तुम्हाला दुसरीकडे घेता येणार नाही, आधीच सांगतो."

घरी बायको, दोन मुलं. मी घाबरलो, खोटं कशाला सांगू? मोटरसायकल काढली आणि फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये गेलो. आदल्या वर्षीच्या गिऱ्हाइकांपैकी वानखडे काकूंचं घर माहीत होतं.

"काकू, नवं मशीन का नाही घेतलं?"

"काहून घेऊ भाऊ? या, दाखवतो."

त्यांनी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद दाखवला. त्यांच्या लाइनीतली, म्हणजे क्वार्टर्सच्या एका रांगेतली, आठ घरं आणि प्रत्येकापुढे एका कॅसेटचं नाव.

"मशीन आठही घरी आहे. कॅसेट मात्र ज्यानं त्यानं वेगळी घेतली. दर रविवारी बदलून राहिलो आम्ही. तुमच्या नव्या मशीनमंदी ह्या बसतात काय?"

नव्या मॉडेलची खाच वेगळी होती. मला ते माहीत होतं, पण ते महत्त्वाचं आहे हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"नाही बसत."

"मग माझा पोट्टा वर्षभर एकच गेम खेळन काय?"

मी कपाळावर हात मारला. भाव, जाहिरात, सण यांवर खप ठरतो असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. शेजाऱ्याकडे कोणतं मशीन आहे, हे कोणी सांगितलंच नव्हतं. आणि मीही इतकी वर्षं फक्त खोके मोजले, दारात कधी डोकावलो नाही.

साहेबांकडे जुनं मॉडेल मागितलं. ते बनवणं कधीच बंद झालं होतं. मग मी काकूंना म्हटलं, "आठही घरांनी एकदम नवं घ्या. प्रत्येकाला वेगळी कॅसेट मिळेल, हे माझ्याकडे लागलं."

काकूंना पटलं. बाकीच्या लाइनी म्हणाल्या, वानखड्यांची लाइन घेईल तर आम्हीही घेऊ. दोन दिवस मला वाटत राहिलं, वाचलो.

तिसऱ्या दिवशी काकूंनीच तिवारीजींच्या दुकानात येऊन सांगितलं.

"नाही जमत, भाऊ. आमच्या लाइनीतल्या मिश्राजींच्या पोरीचं यंदा दहावीचं बोर्ड आहे. ते नाही म्हणून राहिले."

"बाकी सात घरं तर घेतील ना?"

"पोरगी अभ्यास करन अन् आम्ही नवा गेम लावून बसू? बोर्ड झाल्यावर या."

बोर्ड मार्चमध्ये होतं. ऑफिस त्याआधीच बंद झालं.

जाताना हेड ऑफिसचा फॉर्म भरावा लागला. 'विक्री न होण्याचं कारण' यापुढे चार चौकटी होत्या: किंमत, दर्जा, स्पर्धा, हंगाम. मी चारही पुन्हा वाचल्या आणि शेवटी 'हंगाम'वर खूण केली. त्यावरून मुंबईनं पुढच्या वर्षी रांझीचा माल पावसाळ्यात पाठवला, असं तिवारीजींकडून कळलं. तोही पडून राहिला.

हल्ली मी मिक्सर विकतो. मिक्सर घेताना कोणी शेजाऱ्याचं बोर्ड बघत नाही. तरी नवा माल उचलण्याआधी मी दोन-चार घरी जाऊन चहा पिऊन येतो.